मार खाणारी खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची. आजवर मी जेवढा मार खाल्लाय, तेवढा तुमच्यापैकी कुणीही खाल्ला नसेल. तोही काडीचा अपराध नसताना! मी वैतागू नको तर काय करू?

माझा जन्म आगाशीचा. व्हिन्सेंट सुतारांनी मला फणसाच्या लाकडातून घडवलं. रंधा मारला, काचकागदाने घासलं आणि मग स्वतः बसून पाहिलं. "ही काय हलायची नाय," असं ते म्हणाले. त्या शब्दांचा मला फार अभिमान वाटला. जयवंतरावांनी मला टेम्पोत घालून विरारला, मनवेलपाड्यातल्या आपल्या घरी आणलं. त्यांचा संसार नवा होता. पाहुणा आला की आधी मला पुढे केलं जाई. विनयाताई रोज न चुकता मला फडक्याने पुसायच्या.

मग सुरुची जन्मली आणि माझे दिवस फिरले.

ती चालायला लागली तशी आपटायलाही लागली. माझ्या पायाला धडकली की भोकाड पसरायची. विनयाताई धावत यायच्या, तिला कडेवर घ्यायच्या आणि मला सणसणीत चापट द्यायच्या. "हात् गं खुर्ची! आमच्या बाळाला मारतेस? घे!" की बाळ लगेच खुदकन हसायचं. अहो, मी जागची हललेसुद्धा नव्हते! पण त्या घरात रिवाजच होता. पोर पडलं की फरशीला मारायचं, उंबऱ्याला मारायचं आणि सगळ्यात जास्त मला. जयवंतराव एवढे शिकलेले, ऑफिसात जाणारे, पण तेही घरी आल्या आल्या लेकीच्या समाधानासाठी मला एक लाथ घालायचे.

सुरुची पाच वर्षांची झाली आणि तिची तऱ्हाच बदलली. आता सगळं 'माझं मी' करायचं! फ्रॉकची बटणं माझी मी, मग वरचं बटण खालच्या काजात. दिवा लावायला, दाराची कडी काढायला, आरशात हलणारा दात बघायला मला फरफटत न्यायचं. दुपारी मी आगाशीची बस व्हायची. कंडक्टर तीच, ड्रायव्हरही तीच, आणि प्रवासी कुणाला न दिसणारे. त्यांच्याशीही ती कडाकडा भांडायची. खेळात हरायची वेळ आली की नियम बदलायची. घटकेत आईच्या गळ्यात पडायची, घटकेत पाय आपटायची. 'का?' आणि 'कशाला?' विचारून तिने विनयाताईंना नुसतं भंडावून सोडलं होतं. त्यात धाकटा सुमेध नुकता पावलं टाकायला लागला होता, म्हणजे माझ्या पायांवर धडकायला आणखी एक आला.

त्या मार्चमध्ये पाण्याची बोंब होती. नळाला दिवसाआड पाणी यायचं. विनयाताईंनी माठ भरून ओट्यावर ठेवला होता. सुरुचीला तहान लागली आणि अर्थातच पाणी 'माझं मी' घ्यायचं होतं. तिने मला ओट्याशी ओढलं. तरी हात पुरेना. मग बाईसाहेबांनी पिठाचा रिकामा डबा माझ्यावर उपडा ठेवला आणि त्यावर चढल्या. डबा सटकला. ती खाली आली, पाठोपाठ माठही. डबा घरंगळत कॉटखाली गेला आणि प्यायचं सगळं पाणी मोरीकडे वाहत निघालं.

"अगं बाई! कसा फुटला?" विनयाताई ओरडल्या.

सुरुची गुडघा धरून बसली होती. मग तिने माझ्याकडे बोट केलं. "खुर्चीने पाडलं. ती हलली."

हलली? मी? माझ्या तोंडात शब्द असते तर त्या दिवशी शेजारपाजार गोळा झाला असता!

संध्याकाळी जयवंतरावांनी मला उलटंसुलटं करून पाहिलं. "जुनी झाली आता. उद्या पोरीचा हात मोडेल. होळीवाले लाकडं मागतायत, त्यांना देऊन टाकू." आणि त्यांनी मला दाराबाहेर ठेवलं. मला फार भीती वाटली आणि त्याहून जास्त राग आला. एवढी वर्षं इमानाने उभी राहिले, त्याचं हे बक्षीस!

सुरुची सारखी दाराशी यायची, माझ्याकडे बघायची आणि आत पळायची. "आई, होळीत खुर्ची पूर्ण जळते?" तिने विचारलं. "जळते गं. जा, खेळ जा," विनयाताई म्हणाल्या.

होळीच्या दिवशी दुपारी मंडळाची माणसं लाकडं न्यायला आली. त्या गडबडीत सुमेध तुरुतुरु बाहेर आला, माझ्यावर आदळला आणि रडायला लागला. विनयाताईंचा हात सवयीने वर गेला. "हात् गं..."

"नको मारूस!" सुरुचीने आईचा हात घट्ट धरला. "ती काही करत नाही. सुमेधच धडकला. आणि माठ मी पाडला. मी डब्यावर चढले होते. डबा कॉटखाली आहे."

जयवंतरावांचा आवाज चढला. "मग त्या दिवशी खोटं का बोललीस?"

ती हुंदके देत म्हणाली, "तुम्ही नेहमी तिलाच मारता ना. मला वाटलं, अजून एकदा मारतील. जाळतील असं नव्हतं वाटलं."

  विनयाताईंनी वर गेलेला हात हळूच खाली घेतला आणि लेकीला जवळ ओढलं. जयवंतराव खाकरले आणि होळीवाल्यांना म्हणाले, "खुर्ची नाही देता येणार. आम्ही नारळ घेऊन येतो." मग ते मला उचलून आत घेऊन गेले.

मित्रांनो, त्या पोरीने मला वर्षभर फरफटवलं, माझ्यावर आळ घेतला, तरी त्या क्षणी तिचा मला अभिमान वाटला. तुमच्या घरातलं लहानगं पडलं तर त्याला उचला, गुडघ्यावर फुंकर घाला, हवं तेवढं रडू द्या. पण आम्हाला झोडपू नका. मी लाकडाची आहे, चापटीने मला काही होत नाही. चापट मला बसते, पण शिकतं ते कडेवरचं बाळ.