पाणी का चढलं

मावशीने उत्तरपत्रिका ओट्यावर आपटली, तशी परातीतलं शाईचं निळं पाणी हललं आणि मध्ये उभी केलेली मेणबत्ती कलंडली.

"ही फुली कुणी मारली?"

"बाईंनी," काऊ म्हणाली. "विज्ञानाच्या."

काऊ ही मावशीच्या धाकट्या बहिणीची मुलगी, सातवीतली. बोलायला लागल्यापासून दिवसभर 'का, का' करायची म्हणून घरात तिचं नाव काऊ पडलं, ते पडलंच. तिची ही सख्खी मावशी. पण शाळेतही लहानथोर सगळे तिला मावशीच म्हणत, कारण गेली बावीस वर्षं ती तिथल्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. परीक्षानळ्या धुवायच्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवायच्या, त्या दिवशीचा प्रयोग टेबलावर मांडून ठेवायचा, तास संपला की आवरायचं. मांडणारी मावशी, दाखवणाऱ्या बाई आणि बघणारी मुलं, अशी तिथली वाटणी होती.

रविवारी सकाळी मात्र तिच्या स्वयंपाकघरात काऊ आणि शेजारची चार-पाच मुलं जमत. बाटलीत सोडा आणि व्हिनेगर घालून तोंडाला लावलेला फुगा टम्म करायचा, मिठाच्या पाण्यात अंडं तरंगवायचं, गरम पाण्याने विसळलेल्या बाटलीला बूच लावून ती थंड पाण्यात धरली की कशी चेपते ते पाहायचं. मावशी स्वतः काही करत नसे. स्टुलावर बसून फक्त विचारायची, "काय झालं? नीट सांग. मला दिसलं नाही असं समज."

प्रश्न तीन गुणांचा होता. परातीतल्या पाण्यात पेटती मेणबत्ती ठेवून तिच्यावर पेला उपडा घातला, तर ज्योत विझते आणि पेल्यात पाणी चढतं, ते का? पुस्तकातलं उत्तर एका ओळीचं. ज्योत ऑक्सिजन संपवते आणि त्याची जागा पाणी घेतं. काऊने पाऊण पान लिहिलं होतं. घरी एक, दोन आणि तीन मेणबत्त्यांनी करून पाहिलं. पेला तोच, म्हणजे ऑक्सिजनही तेवढाच, तरी तीन मेणबत्त्यांना पाणी जास्त चढलं. पेला टेकवताना कडेने बुडबुडे निघाले, म्हणजे तापलेली हवा फुगून बाहेर गेली. ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकसली आणि बाहेरच्या हवेने पाणी आत ढकललं. शेवटी तिने पेल्याचं चित्रही काढलं होतं, बुडबुड्यांसकट.

त्या सगळ्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लाल फुली होती आणि समासात दोनच शब्द, 'पुस्तक वाचा.'

फुली मावशीने एक वेळ गिळली असती. त्या दोन शब्दांनी तिची कानशिलं तापली. बावीस वर्षं दर पावसाळ्यात ती हा प्रयोग मांडत आली होती. बुडबुडे तिने पहिल्याच वर्षी पाहिले होते. तिला कुणी विचारलं नव्हतं आणि तिने सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने बाईंना गाठलं. बाई वयाने लहान, याच शाळेत शिकून तीन वर्षांपूर्वी इथेच नोकरीला लागलेल्या. मावशीने उत्तरपत्रिका त्यांच्यापुढे धरली आणि विचारलं की तुम्ही हे वाचलं तरी का. बाई म्हणाल्या, वाचलं. पण तपासायला जे उत्तर छापून दिलंय त्याच्याशी जुळलं नाही तर गुण कसे देणार. मावशी म्हणाली, जुळवायचं ते पेल्याशी, कागदाशी नाही. आत्ता चला, दोन मिनिटांत मांडते. बाईंचा चेहरा लाल झाला. शिक्षकांच्या खोलीतल्या सगळ्या माना वळल्या होत्या.

"मावशी, तुम्ही तिच्या नातेवाईक आहात म्हणून हे सगळं चाललंय," बाई हळू आवाजात म्हणाल्या.

हे मावशीच्या जिव्हारी लागलं. ती तडक मुख्याध्यापकांकडे गेली. सरांनी तिला खुर्ची दिली, तिचं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदा घड्याळ पाहिलं. मग अगदी गोडीने म्हणाले की मावशी, तुमच्यासारखं नेटकं काम कुणाचं नाही, पण तुमचं काम मांडायचं; शिकवायचं काम ज्याचं त्याला करू द्या. पुस्तक बदललं की उत्तर बदलेल.

खेकसून बोलले असते तर बरं झालं असतं, तिला वाटलं. मग उलट बोलता आलं असतं. ती प्रयोगशाळेत परतली आणि स्वच्छ असलेल्या परीक्षानळ्या पुन्हा धुवायला घेतल्या. ब्रश असा फिरवला की एक नळी मुठीतच मोडली. बोटाला फडकं गुंडाळून तिने उरलेल्या सगळ्या धुतल्या.

तो सारा आठवडा ती बाईंशी कामापुरतंही बोलली नाही. बाई "मावशी, जरा स्पिरिटचा दिवा" म्हणायच्या, ती दिवा ठेवायची आणि पाठ फिरवायची. घरी जेवतानाही तिची धुसफूस चालू असे. बहीण समजावायला आली, की तीन गुणांनी पोरीचं काय अडणार आहे. मावशीने तिलाच झाडलं. तीन गुणांचं नाही, म्हणाली, डोळ्यांनी पाहिलेलं खोटं ठरतं त्याचं आहे.

रविवारी मुलं जमली होती. दार वाजलं. काऊने उघडलं आणि ती तशीच मागे सरकली. दारात बाई उभ्या होत्या, हातात एक पिशवी.

मावशी स्टुलावरून उठली नाही. "शाळेचं काम असेल तर उद्या," ती म्हणाली.

"शाळेचं नाही," बाई म्हणाल्या. आत येऊन त्यांनी पिशवीतून तीन मेणबत्त्या काढून ओट्यावर ठेवल्या. "काल घरी करायला बसले होते. पेटलेल्या मेणबत्तीवर पेला नेला की माझा हात आखडतो. दोनदा ज्योत नुसती पेल्याच्या वाऱ्यानेच विझली."

शेजारची एक मुलगी फिसकन हसली. मावशीही हसली, पण तिचं हसू चांगलं नव्हतं.

"विज्ञानाच्या बाई ना तुम्ही? आणि पेला उपडा घालता येत नाही?"

"नाही येत. मी कधी घातलाच नाही."

"कॉलेजात काय करत होतात?"

"तिथेही कुणीतरी मांडून ठेवायचं. आम्ही आकडे उतरवायचो." बाईंनी ओढणीने हात पुसले. "आणि शाळेत तुम्ही होतात, मावशी. आम्ही दारातून आत आलो की तुम्ही म्हणायचात, हात मागे. पूर्ण तास आम्ही हात मागे बांधून उभ्या असायचो. मी तिसऱ्या रांगेत असायचे. मला बुडबुडे दिसलेच नाहीत."

मावशीचं तोंड उघडलं ते काच फुटली तर जाब मलाच द्यावा लागतो हे सांगायला. ते खरंच होतं. पण समोर काऊ तिच्याकडे टक लावून पाहत होती, आणि तिला ते सांगता आलं नाही. राग अजून होताच. फक्त तो आता कुणावर काढावा ते कळेना. तिने काडेपेटी उचलली आणि बाईंच्या पुढ्यात ठेवली. जरा जोरातच.

पहिल्या खेपेला ज्योत पुन्हा विझली. दुसऱ्या खेपेला काऊने बाईंचं मनगट धरून पेला सरळ खाली आणला. कडेने चार-पाच बुडबुडे सुटले. ज्योत मालवली आणि मग, ती मालवल्यावरच, निळं पाणी भराभर वर चढलं. बाई ओट्याशी वाकून पाहत राहिल्या. मग दोन मेणबत्त्या, मग तीन. तिसऱ्या वेळी त्यांना कुणाची मदत लागली नाही.

"म्हणजे माझं बरोबर होतं," काऊ म्हणाली.

"बरोबर होतं."

"मग मला तीन मार्क द्या."

बाईंनी नकारार्थी मान हलवली. गुणांची यादी वर गेली होती, सरांची सही झाली होती. बाईंनी शुक्रवारी सरांना विचारूनही पाहिलं होतं. काऊने ऐकून घेतलं आणि ती बाहेरच्या खोलीत निघून गेली. तिच्या मागे कुणी गेलं नाही. काय सांगायला जाणार?

सोमवारी सातवीचा तास होता. टेबलावर एका परातीऐवजी आठ पराती होत्या. मावशीने सकाळी लवकर येऊन कुलपातले सगळे पेले बाहेर काढले होते. मुलं रांगेने आत आली, भिंतीला लागून उभी राहिली आणि कुणी काही म्हणायच्या आधीच सगळ्यांचे हात मागे गेले.

मावशीने ते पाहिलं. तिचा आवाज चढला तो दारापर्यंत ऐकू गेला.

"आता काय आमंत्रण पत्रिका छापू? पुढे या! काडी कोण ओढणार?"

मुलं बाईंकडे पाहू लागली. बाईंनी मान डोलावली. काऊ सगळ्यांत शेवटी पुढे आली, ओठ घट्ट मिटून.

पहिला पेला दहाव्या मिनिटाला फुटला. खळ्ळकन आवाज झाला आणि सारा वर्ग मावशीकडे पाहत उभा राहिला. मुख्याध्यापकांची खोली भिंतीपलीकडेच होती. मावशी केरसुणी आणायला निघाली. दाराशी तिला व्हरांड्यातून येणारी पावलं ऐकू आली, आणि मागून बाईंचा आवाज, नेहमीपेक्षा जरा मोठा:

"पाणी कधी चढलं? विझायच्या आधी की नंतर? पुस्तकातलं नको. दिसलं ते सांगा."

मावशीने दार आतून लावून घेतलं आणि केरसुणीवाचूनच परतली.