सेलाचं मशीन, सगळ्यांचे हात

अनयानं कंपनीतली नोकरी सोडून सेलाच्या स्टुडिओत काम धरलं, तेव्हापासून तिच्या आईचा, शुभाचा, जीव थाऱ्यावर नव्हता.

सेलाचं कुटुंब मूळचं टोंगा बेटांवरचं. ती वाढली मात्र इथेच, कॅलिफोर्नियात. बंद पडलेली जुनी व्हिडिओ गेमची मशीन्स आणून ती चालू करायची आणि त्यांच्या अंगभर टोंगाच्या नक्ष्या रंगवायची. तिकडे बायका झाडाची साल ठोकून कापड करतात, त्यावरच्या या तपकिरी-काळ्या नक्ष्या.

या मशीन्सचं प्रदर्शन तोंडावर आलं आणि सेला शिडीवरून पडली. उजवं मनगट मोडलं.

"शो बहुतेक कॅन्सल होणार, आई," अनया रडवेली होऊन म्हणाली.

शुभानं वरणभात आणि बटाट्याची भाजी डब्यात भरली आणि क्युपर्टिनोतल्या घरून थेट स्टुडिओ गाठला. सेला पोटभर जेवली. मग डाव्या हातानं ब्रश पुढे करत म्हणाली, "आंटी, बसा. अनयानं या मशीनवर आखलेत ते त्रिकोण काळे करायचेत."

"मी? मला चित्रकला येत नाही गं. शिवाय या नक्ष्या तुमच्या, मी परकी."

"माझी आजी हे कापड कधी एकटीनं करायची नाही. शेजारपाजारच्या बायका भोवती बसायच्या. नक्षी मी सांगते, हात तुम्ही द्या."

पहिलाच त्रिकोण ओघळला. शुभा ओशाळली. सेला खळखळून हसली, "पुसा आणि परत भरा!"

मग शुभा रोज ऑफिस सुटलं की तिथे जायला लागली. शेजारी बसून लेकीचा हात बघायची. किती सरळ रेघ, किती शांत चेहरा! घरी ही पोर अशी कधी दिसली नव्हती.

प्रदर्शनाच्या दिवशी सेलानं दोघींना पुढे बोलावलं, गळ्यात फुलांच्या माळा घातल्या. "हे मशीन माझ्या एकटीचं नाही," ती सगळ्यांना म्हणाली. "थँक यू, आंटी."

शुभानं तिचा डावा हात हातात घेतला. "अगं, थँक यू मी म्हणायला हवं. माझी मुलगी काय करते ते मला तुझ्यामुळे कळलं."

अनयानं डोळे पुसले आणि आईला मशीनपाशी ओढलं. "कम ऑन आई, युअर टर्न!"

गेममधलं शुभाचं अंतराळयान लगेच फुटलं. तिनं परत बटण दाबलं. मागे रांग लागली, तरी ती हटेना.