चोवीस बॅटऱ्या

"बाबा, तुम्ही उलटं केलंय," स्वप्ना बॅटरीसोबत आलेल्या माहितीच्या कागदावरून नजर न काढता म्हणाली. "खूप दिवस ठेवायच्या असतील तर अर्ध्याच चार्ज करा म्हणतंय."

देवरावांनी चहाचा कप खाली ठेवला. "तुझंच वाचताना चुकत असंल. बॅटरी ठेवायची तर भरून ठेवायची. अठ्ठावीस वर्षं तेच केलं मी."

ते खरंच होतं. तरुणपणी नांदेडकडून हैदराबादला आलेले देवराव टेलिफोनच्या कचेरीत बॅटरीची खोली सांभाळायचे. अ‍ॅसिडच्या कमरेएवढ्या बॅटऱ्या. त्यांना कधी उपाशी ठेवायचं नाही, हा तिथला पहिला धडा. पुढे खाजगी कंपन्या आल्या, मोबाइल आले, त्या खोलीला कुलूप लागलं आणि देवराव मुदतीआधीच घरी बसले. आता विद्यानगरात विद्यार्थ्यांना विजेवरच्या सायकली भाड्यानं देणाऱ्या कंपनीचं स्टोअर त्यांच्याकडे होतं. लॉकडाउन उठला तरी विद्यापीठ बंदच राहिलं. मॅनेजर समीरनं फोनवर सांगितलं, "काका, किती महिने जातील सांगता येत नाही. बॅटऱ्या नीट ठेवा." देवरावांनी चोवीसच्या चोवीस काठोकाठ भरून पत्र्याच्या शेडमध्ये रचल्या होत्या.

"ह्या लिथियमच्या आहेत, बाबा. फुल भरून गरम जागी राहिल्या की फुगतात. पेटूपण शकतात."

देवराव उठले ते थेट शेडमध्ये गेले. एकेका बॅटरीवर तळवा ठेवून पाहिला. सगळ्या कोमट. दुपारच्या पत्र्याखाली त्या महिनोन् महिने पडून राहणार होत्या. त्यांनी तिथूनच समीरला फोन लावला.

"साहेब, माझी चूक झाली."

सगळं ऐकून समीर हसला. "कुणालाच कळलं नसतं काका. कायकू सांगितलं?"

"बॅटरीला कळलं असतं ना."

आता त्या उतरवायच्या कशा? चालवूनच. दुसऱ्या दिवसापासून देवराव सायकलीला बॅटरी लावून विद्यापीठाच्या कुंपणालगतच्या मोकळ्या रस्त्यावर फेऱ्या मारू लागले. हँडलवरचे चार्ज दाखवणारे चार दिवे दोनावर आले की परत. सकाळी एक, संध्याकाळी एक. साठीच्या माणसाचं अंग दुखायला लागलं.

चौथ्या दिवशी त्यांच्या पत्नी मालनबाई दारात उभ्या राहिल्या. "एकटेच हिंडणार काय? मला शिकवा की."

"ह्या वयात? साडी अडकंल चाकात."

"पदर खोचते. तुम्ही मागून धरा फकस्त."

देवरावांनी धरलं. मालनबाई एकदा पडल्या, गुडघा खरचटला, पण उठून परत बसल्या. पाचव्या दिवशी देवरावांचा हात कधी सुटला ते मालनबाईंना कळलंच नाही. "अम्मा, मेल्लगा!" गेटवरचा वॉचमन ओरडला, हळू जायला सांगत होता. मालनबाई हळू गेल्या नाहीत. चौतीस वर्षांच्या संसारात बायकोला एवढ्या मोठ्यानं हसताना देवरावांनी पाहिलं नव्हतं.

दोघांनी मिळून पुढच्या आठवड्याभरात चोवीसही बॅटऱ्या अर्ध्यावर आणल्या. मग देवरावांनी त्या शेडमधून काढून तळमजल्यावरच्या गार खोलीत हलवल्या, एकीला दुसरी चिकटू न देता मांडल्या. महिन्याला मीटर लावून बघायचे; एखादी फार खाली गेली तर तेवढीच थोडी भरायचे.

आठ महिन्यांनी विद्यार्थी परतले, तेव्हा चोवीसही सायकली रस्त्यावर गेल्या. कंपनीच्या दुसऱ्या एका स्टोअरमध्ये मात्र सात बॅटऱ्या फुगल्या होत्या. आग लागली नाही, हे नशीब.

"काका, सोमवारी सिकंदराबादला या," समीर म्हणाला. "सगळ्या स्टोअरवाल्यांना तुम्हीच समजावून सांगा."

"मला इंग्रजी कुठं येतंय?"

"आपल्या हैदराबादी हिंदीत सांगा ना."

सोमवारी मालनबाईंनी पांढरा शर्ट इस्त्री करून दिला आणि स्वतःही सोबत गेल्या. हॉलमध्ये शेवटच्या खुर्चीवर बसल्या. पुढे स्टोअरवाले होते, दोन इंजिनिअर होते. समीरनं लिहून दिलेला कागद देवरावांनी एकदा पाहिला, घडी करून खिशात टाकला.

"पहले मेरी गलती बताता हूँ," ते म्हणाले. "चौबीस के चौबीस फुल भर को रखा था मैं."

कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेतल्या इंजिनिअरनं मोबाइल बाजूला ठेवला आणि वही उघडली.