मिरची कांडपाचा अर्ज

दोंडाईच्याच्या बाजारामागे शेवंताबाईंचं मिरची कांडप होतं. विजेचा भरवसा नव्हता. नवरा गेल्यापासून पाच हॉर्सपॉवरच्या डिझेल इंजिनावर त्या एकट्याच ते चालवत. शेजारच्या बन्सीलालच्या डाळमिलला विक्रीकरात सवलतीचं डिझेल मिळतं, हे कळलं तेव्हा त्यांनी धुळ्याची विक्रीकर कचेरी गाठली.

साहेबांनी टेबलाच्या काचेखालची, सवलत मिळणाऱ्या कारखान्यांची यादी दाखवली. डाळमिल होती, तेलघाणी होती. कांडप नव्हतं.

"त्यात उत्पादन होत नाही, बाई. मिरची लोकांची, तुम्ही फक्त कुटून देता."

"तूरनी डाळ करतस तो कारखाना, अन् मिरचीनं तिखट करतस ते काय शे, साहेब?"

साहेब हसले. "मुंबईला लिहा."

त्यांनी खरंच लिहिलं. शाळेतल्या प्रमिलाबाईंकडून अर्ज करून घेतला. साक्रीपासून नरडाण्यापर्यंत एसटीनं फिरून एकेचाळीस कांडपवाल्यांच्या सह्या, अंगठे घेतले. फिरतीच्या दिवशी कांडप बंद राही, गिऱ्हाईक परत जाई. अशी अडीच वर्षं गेली.

एक्क्याण्णवच्या पावसाळ्यात बन्सीलाल पेढे घेऊन आला. "अक्का, तुमनामुळे व्हयनं बठ्ठं! कांडप यादीमा उनं!"

शेवंताबाईंनी पेढा खाल्ला. डोळ्यांत पाणी आलं. दोन दिवसांनी सरकारी पत्र आलं, ते प्रमिलाबाईंनी मोठ्यानं वाचलं. "आपल्या मागणीचा सहानुभूतीपूर्वक विचार करून, दहा अश्वशक्ती व त्याहून अधिक क्षमतेच्या कांडप घटकांना..." आणि त्या थांबल्या.

"अश्वशक्ती म्हंजे?"

"हॉर्सपॉवर, अक्का."

एकेचाळीस जणांत सातच्या वरचं इंजिन एकाकडेही नव्हतं. डाळमिलच्या आवारात मात्र पंधरा हॉर्सपॉवरच्या कांडप यंत्राचा पाया भरून झाला होता.

ते सुरू होताच सवलतीच्या डिझेलवर बन्सीलालनं दर पाडले. दिवाळीपर्यंत शेवंताबाईंच्या दारात चिटपाखरू फिरकेना. नरडाण्याचा कांडपवाला सुकदेव मुद्दाम येऊन म्हणाला, "अक्का, मन्ही सही कसाले लिधी?"

दुसऱ्या दिवशी त्या पत्र घेऊन पुन्हा धुळ्याला गेल्या.

"आता काय राहिलं, बाई? तुमचीच मागणी मान्य झाली ना?"

"त्या कागदवरथून मन्हं नाव काढी टाका, साहेब."

"तसा नियम नाही," साहेब म्हणाले, आणि त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.