समोरच्या कोपऱ्यातून आलेला आवाज

“याबद्दल आता दिनानाथ सर बोलतील,” असं म्हणून सालोमी खाली बसली.

तालुक्याच्या शालेय कुस्ती स्पर्धेची बैठक होती. लहान शाळांचा गट वेगळा करा, एवढीच मागणी. विरारच्या मोठ्या शाळेकडे प्रत्येक वजनगटात मुलगी असे. पापडीच्या सालोमीच्या शाळेतून जेमतेम चौघी उतरत. रिकाम्या गटांचे गुण जात आणि सांघिक ढाल कुस्तीआधीच हातची जाई. फुलपाड्याच्या दिनानाथ सरांचीही तीच गत. दोन्ही शाळांनी मिळून एक जुनी मॅट घेतली होती. ती टेम्पोतून इकडून तिकडे जायची, आणि दोन्हीकडच्या मुली दोघांच्याही हाताखाली शिकायच्या. वेगळ्या गटाची कल्पना मुळात सरांचीच.

सर उठले. रुमालाने चष्मा पुसत म्हणाले, “मला वाटतं, आहे तेच ठीक आहे. मोठ्यांशी लढल्याशिवाय मुली तयार कशा होणार?”

विषय तिथेच बारगळला.

सालोमीने त्यांना जिन्यात गाठलं. “सर, काय बोललात हे?”

“मॅडम, मी त्या मोठ्या शाळेत रुजू होतोय.”

“व्हा ना. कोण अडवतंय? पण मला आधी सांगायचं होतं.”

“सांगितलं असतं, तर तुम्ही दुसऱ्या कुणाला तरी बोलायला उभं केलं असतं.”

ते शांतपणे जिना उतरून गेले.

स्पर्धा तुळिंजला झाली. सालोमीची ऋतिका अंतिम फेरीत पोहोचली. जिंकली की जिल्ह्यासाठी निवड. समोर मोठ्या शाळेची मुलगी, आणि तिच्या कोपऱ्यात नव्या ट्रॅकसूटमध्ये दिनानाथ सर. ऋतिका दोन गुणांनी पुढे होती. शेवटचं मिनिट उरलं आणि समोरून आवाज आला, “डावा! डाव्याचा पट काढ!”

पावसाळ्यात ऋतिकाचा डावा गुडघा दुखावला होता. तेव्हा रोज पट्टी बांधायचे ते सरच. ‘तिच्या त्या पायाला कुणी हात लावायचा नाही,’ असं त्यांनी सगळ्या मुलींना बजावलं होतं.

ऋतिका लहानपणापासून त्याच आवाजावर खेळत आली होती. ‘डावा’ ऐकताच सवयीने तिचा डावा पाय पुढे गेला. समोरच्या मुलीने खाली झेपावून पट काढला, तो पाय धरून उचलला.

ऋतिका चीत झाली.

लंगडत ती सालोमीकडे आली. “मॅडम, सरांनीच सांगितलं तिला.”

“ऐकलं मी.”

“समोरच्या कोचला भेटायचं असतं ना? जाऊ?”

सालोमीच्या ओठांवर ‘नको’ आलं होतं. तिने ते गिळलं. “जा बाळा.”

ऋतिका मॅट ओलांडून गेली आणि सरांच्या पायाशी वाकली. त्यांचा हात तिच्या डोक्याकडे गेला, पण मध्येच थांबला. ती क्षणभर तशीच वाकून राहिली, मग आपली आपण उभी राहिली.

परत येताना ती लंगडली नाही.