उणे ब्याण्णव

बेंगळुरातल्या पीण्या कारखाना-वसाहतीतल्या त्या शेडमध्ये पत्रा ठोकायच्या सगळ्या प्रेस एकदम चालू झाल्या की असा दणका उठतो, की गेटावरच्या कावळ्यांनी ओरडणं केव्हाच सोडून दिलंय. नुसती चोच उघडतात आणि एकमेकांना खुणा करतात. खोटं वाटत असेल तर जाऊन बघा.

त्या दणक्यात माझी नात हर्षिता वर्षभर कॅमेरा घेऊन बसली. आमचे पूर्वज फौजेमागून बेंगळुरात आले आणि परतीचा रस्ता विसरले, तेव्हापासून घरातला प्रत्येकजण कुठल्या ना कुठल्या कचेरीत खुर्ची धरून बसलाय. कारखान्यात जाऊन बसलेली ही पहिलीच.

तिचा माहितीपट प्रेसवर काम करणाऱ्या बायकांवर आहे. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो, म्हणजे त्या वेळी एकही हात आत नसतो. पण माल लवकर निघावा म्हणून एका बटणावर रबराची पट्टी करकचून बांधून ठेवतात. ते बटण कायमचं दाबलेलं. मग एक हात मोकळा, आणि तो मोकळा हात पत्रा सरकवायला आत. कस्तुरीची दोन बोटं तशीच गेली. पिक्चरमध्ये ती रडत नाही. उरलेल्या बोटांनी भाकरी थापते आणि म्हणते, "आता भाकरीवर तीनच बोटं उठतात, नवरा म्हणतो नक्षी चांगली आहे."

पिक्चरला पैसे दिले होते व्हाइटफील्डच्या एका ट्रस्टने. आता तो पीण्यातल्या बाकीच्या शेडमध्ये न्यायचा होता. हर्षिताचा सगळा जीव त्यात अडकलेला. पलीकडच्या शेडमध्ये कस्तुरीची धाकटी बहीण लागली होती, तिची अजून दहाही बोटं होती. पण ट्रस्टची अट अशी, की आधी एका शेडमध्ये दाखवा, समाजावर परिणाम किती होतो ते मोजा, आकडा चांगला आला तर पुढे.

मोजायला आला शुभंकर. पुण्याचा पोरगा, मारतहळ्ळीला राहतो, गळ्यात ओळखपत्र, पाठीवर स्वतःपेक्षा जड बॅग. मी हर्षिताचा पडदा धरायला गेलो होतो.

"काका, बेसिकली बिफोर-आफ्टर करायचं," तो मला म्हणाला. "पिक्चरच्या आधी आणि नंतर सेम प्रश्न. हिरवं कार्ड म्हणजे हो, लाल म्हणजे नाही. फरक म्हणजे इम्पॅक्ट."

"स्वल्प थांब," मी म्हटलं. "माझ्या लग्नाच्या आधी आणि नंतर असं कुणी विचारलं असतं तर लाल कार्डं कमी पडली असती."

हसला नाही. पुण्याचा.

जेवणाच्या सुट्टीत बायका पडद्यासमोर बसल्या. शुभंकरने विचारलं, तुमचं मशीन सुरक्षित आहे का? हिरवं. तक्रार असेल तर मॅनेजर ऐकतो का? हिरवं. कामावर आनंदी आहात का? हिरवं, हिरवं, हिरवं. इतकं हिरवं झालं की बाहेर बांधलेली एक शेळी दावं तोडून आत आली. कस्तुरीनेसुद्धा हिरवं धरलं, आणि तेही त्याच तीन बोटांत.

मग पिक्चर लागला. भाकरीच्या जागी बायका हसल्या, मग हसता हसता एकमेकींच्या बोटांकडे बघायला लागल्या. कुणीतरी आपले हात पदराखाली घेतले. संपल्यावर शुभंकरने पुन्हा तेच प्रश्न विचारले. मशीन सुरक्षित? लाल. मॅनेजर ऐकतो? लाल. आनंदी? लाल. कोपऱ्यात मॅनेजरची वहिनी बसली होती, तिचं आणि तिच्या दोन मैत्रिणींचं तेवढं हिरवं राहिलं.

शुभंकरने लॅपटॉप उघडला, बोटं चालवली आणि घसा खाकरला. "मॅम, इम्पॅक्ट उणे ब्याण्णव आलाय."

"उणे म्हणजे?" हर्षिता.

"म्हणजे पिक्चरच्या आधी ह्या लोकांना सेफ वाटत होतं, हॅपी होते. तुमचा पिक्चर बघून वाईट झालं."

कस्तुरी निपाणीकडची, तिला मराठी चांगलं येतं. ती पदराने तोंड झाकून इतकी हसली की बाजूच्या बाईने तिच्या पाठीवर थापट्या मारल्या.

"अहो साहेब, परदेशी गिऱ्हाईकाची माणसं तपासणीला येतात ना, तेव्हा मॅनेजर आम्हाला आधी आठवडाभर शिकवतो. पट्टी काढायची, हातमोजे घालायचे, काहीही विचारलं तरी हसून हो म्हणायचं. तुम्ही गळ्यात पट्टा घालून आलात. आम्हाला वाटलं, हेपण तसलेच."

"मग खरं काय?"

"खरं आत्ता दाखवलं की. पिक्चर बघून कळलं, तुम्ही त्यांचे नव्हे, ह्या पोरीचे."

शुभंकर गोंधळला. "पण बेसलाइन, म्हणजे आधीची उत्तरं, तर रेकॉर्ड झाली. ती बदलता येत नाही."

"सरी, ठीक आहे," कस्तुरी म्हणाली, "मग नका बदलू. आम्हीपण नाही बदलणार."

माझी चूक एवढीच झाली, की पोराची दया आली. चहा पिताना तो म्हणाला, "काका, एखादी पॉझिटिव्ह स्टोरी आहे का? आकड्यासोबत जोडता येईल." मग माझी जीभ आवरते होय! मी सांगितलं, की पिक्चर बघून सुपरवायझरच्या मिशा बसल्या जागी पांढऱ्या झाल्या. गेटावरचा कुत्रा आता फक्त मालकावरच भुंकतो. आणि पहिल्या रांगेतली एक म्हातारी पिक्चर संपता संपता लिहायला शिकली, सही इंग्रजीत केली. पोराने सगळं टिपून घेतलं. मीच शेवटी घाबरलो.

पुढच्या आठवड्यात व्हाइटफील्डला ट्रस्टच्या ऑफिसात बोलावणं आलं. कस्तुरीला रजा मिळाली नव्हती, तिने रजा घेतली. तिघं गेलो. काचेच्या खोलीत अंजली मॅडम, ट्रस्टच्या मुख्य, आणि शेजारी लॅपटॉप घेऊन शुभंकर. बाई गोड. इतकी गोड की समोरचा चहा मी बिनसाखरेचा प्यायलो.

"हर्षिता, फिल्म सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "पण आकडा बोर्डापुढे ठेवता येत नाही. आपण शेवट स्वल्प बदलू. मॅनेजर हातमोजे वाटतोय, बायका हसताहेत. मग पुन्हा मोजू, या वेळी मॅनेजरला सोबत बसवू, म्हणजे वातावरण निवांत राहील."

"मॅनेजर सोबत बसला तर पिक्चर न दाखवताच शंभर येतील," हर्षिता म्हणाली.

"आणि ह्या केस स्टोरीज तर अप्रतिम आहेत! ती म्हातारी, जी लिहायला शिकली..."

"ती खोटी आहे. कुत्रापण खोटा. हे माझे अज्जा आहेत, ह्यांना सवय आहे."

मी छताकडे बघितलं. चांगलं छत होतं.

"मिशा तरी खऱ्या आहेत?" शुभंकरने हळूच विचारलं.

"सुपरवायझरला मिशाच नाहीत," कस्तुरी म्हणाली.

अंजली मॅडमचा आवाज तेवढाच गोड राहिला, डोळे मात्र बदलले. "हे बघ, उणे आकड्यावर मी पुढच्या शेडना परवानगी देऊ शकत नाही. शेवट बदल, नाहीतर फिल्म इथेच थांबते."

हर्षिताच्या कानाची पाळी लाल झाली, तशी तिच्या आजीची व्हायची, आणि तेव्हा घरातली भांडीसुद्धा वाजायची बंद व्हायची.

"बायका आयुष्यात पहिल्यांदाच 'नाही' म्हणाल्या, मॅडम. तुमच्या माणसासमोर, आपल्या मॅनेजरच्या वहिनीसमोर. त्याला तुम्ही उणे म्हणता. तर उणे छापा. मोठ्या अक्षरात छापा, खाली माझं नाव घाला. शेवट बदलणार नाही."

"मग पलीकडची शेड राहिली," मॅडम म्हणाल्या.

हर्षिताने कस्तुरीकडे बघितलं. बहीण कस्तुरीची होती. कस्तुरी उठली, साडी झटकली.

"माझी बोटं भाकरी थापताना दाखवली, हातमोज्यात नाही. चल गं, उठ. अज्जा, उठा."

खाली आलो तेव्हा हर्षिता रडली. ऑफिसच्या गाड्यांची रांग इतकी लांब होती, की रस्ता ओलांडेपर्यंत तिचं रडून झालं, डोळे वाळले आणि तिला भूकही लागली.

सोमवारी शेडमध्ये भोंगा वाजला आणि एकही प्रेस चालू झाली नाही. बायकांनी बटणांवरच्या रबरी पट्ट्या सोडून मॅनेजरच्या टेबलावर ठेवल्या. मॅनेजर धावत आला. कोणी शिकवलं, कोण पुढारी, असं ओरडला. मशिनं बंद असल्यामुळे त्याचं ओरडणं आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांना ऐकू आलं, आणि तो स्वतःच दचकला.

"आता एकही हात आत जाणार नाही," कस्तुरी म्हणाली. "दोन्ही बटणं मोकळी, तर मशीन चालू. माल हळू निघेल. निघू दे."

"कामावरून काढीन!"

"काढा. सगळ्यांना एकदम काढा. मग तुम्ही बसा प्रेसवर, आम्ही पिक्चर काढतो."

मालाची गाडी दाराशी उभी होती. दुपारपर्यंत मालक आला, टेबलावरच्या पट्ट्या बघितल्या, गाडीवाल्याकडे बघितलं, आणि दोन्ही बटणं मोकळी ठेवून प्रेस चालू झाल्या. मॅनेजरची वहिनीसुद्धा दोन्ही हातांनी दाबत होती.

बातमी व्हाइटफील्डपर्यंत पोचली आणि संध्याकाळी अंजली मॅडमचा फोन आला. मी समोरच होतो, हर्षिताने स्पीकर लावला. कस्तुरी आमच्याकडे चहाला आली होती.

"हर्षिता, हा तर जबरदस्त इम्पॅक्ट! हे आपल्या अहवालात पहिल्या पानावर घालू. फिल्ममुळे झालं म्हणून. मग पुढच्या सगळ्या शेड मिळाल्याच समज."

हर्षिताने फोन कस्तुरीपुढे धरला. "हे माझं नाही. हिला विचारा."

कस्तुरीने बशीतला चहा संपवला. घाई नव्हती तिला.

"मॅडम, पट्ट्या आम्ही सोडल्या. पिक्चरने नाही. आमचं काम तुमच्या पानावर चढणार नाही."

"अहो, पण मग फिल्म पुढे कशी जाणार? तुमच्याच बहिणीच्या शेडसाठी म्हणते मी."

"बहीण रविवारी माझ्याकडे जेवायला येते, तिच्या शेडच्या चौघी घेऊन. हर्षिता पिक्चर घेऊन येईल. शेवट तोच राहील. आणि त्या दिवशी कुणी काही मोजायला यायचं नाही. यायचंच असेल तर भाकरी थापायला या."

हर्षिताने फोन ठेवला आणि कस्तुरीला विचारलं, रविवारी पडदा कुठे बांधायचा.