धानाच्या हौदात माणसं तरंगतात

मी एक जुना हौद आहे, गोंदियातल्या एका बंद पडलेल्या राइस मिलचा. मित्रांनो, माझं बोलणं जरा संथ वाटेल. इतकी वर्षं अंगात पाणी धरून बसलं की सिमेंटलाही थकवा येतो.

माझा जन्म उकड्या तांदळासाठी झाला. माझ्यात गरम पाणी सोडत, त्यात पोत्यांनी धान ओतत आणि ते रात्रभर भिजू देत. भरलेला दाणा तळाशी जाई, पोचट वर तरंगे आणि बायका तो सुपानं काढून फेकून देत. माझ्यातला तांदूळ फुटत नाही, असं मालक पाहुण्यांना कौतुकानं सांगत. मग मोठ्या मिलमध्ये लोखंडी टाक्या आल्या. आमचा बॉयलर भंगारात गेला. माझ्यात फुटक्या कौलांचा ढीग पडला, भेगांत पिंपळानं मूळ धरलं. मी मनाशी म्हटलं, झालं, आता निवांत पडून राहू.

पण मालकांची नात खुशबू पुण्याहून शिकून परत आली आणि तिनं मला पुन्हा कामाला लावलं. माझ्या भेगा भरल्या, अंगाला निळ्या फरशा लावल्या, वर छत आणि दार बसवलं. औषधाच्या दुकानात मिळतं ते कडू मीठ तिनं माझ्यात पोत्यापोत्यांनी विरघळवलं. आता माझ्यात कोणी बुडत नाही. माणूस पाठीवर पडला की आपोआप तरंगतो. पाणी अंगाइतकंच कोमट, दिवा बंद, कानात बोळे. ना उजेड, ना आवाज. शिणलेल्या जिवाला तेवढाच विसावा. मला मात्र ते मीठ जुन्या भेगांतून झोंबतं. पण सांगू कोणाला?

गावात आधी हसं झालं. कोणी म्हणालं, "ही तर जिवंतपणीची कबर!" हळूहळू माणसं येऊ लागली. धानाचे व्यापारी चंद्रकुमार तर दर आठवड्याला येत. बाहेर पाटी लागली होती, 'अंगाचा भार विसरा'.

त्या पाटीमुळेच अंजनाबाई आल्या.

दुपारची वेळ होती. त्या चाकाची खुर्ची ढकलत आत शिरल्या. खुर्चीत त्यांचे यजमान शालिकराम बसले होते. पूर्वी एसटीचे ड्रायव्हर होते, अंगानं भरभक्कम. तीन वर्षांपूर्वी लकव्यानं उजवी बाजू गेली आणि वाचाही जवळजवळ गेली. नागपूरला नोकरी करणाऱ्या मुलीनं, गुंजननं, मोबाइलवर जाहिरात पाहून वेळ ठरवून दिली होती. अंजनाबाईंच्या पिशवीत धुतलेली लुंगी, टॉवेल आणि तेलाची बाटली होती.

"यायले उचलून आत कसं टाकाचं, पोरी?" त्यांनी पदर खोचतच विचारलं.

खुशबू गडबडली. "काकू, हा इलाज नाही आहे. थकलेल्या माणसाला आराम मिळतो, बस. काकांना आत सोडता येणार नाही, खतरा आहे."

अंजनाबाईंचा चेहरा पडला. केवढी आशा धरून आल्या होत्या! मग त्यांचा आवाज चढला. "मंग पाटीवर कायले लिवलं, अंगाचा भार विसरा? भार तं यायचाच आहे ना!"

नवऱ्याकडे बोट करून बोलून गेल्या आणि थबकल्या. शालिकराम खाली फरशीकडे बघत राहिले.

"वेळ तर तुमचीच आहे," खुशबू हळूच म्हणाली. "तुम्हीच आत जाऊन बघा ना, काकू."

"मी? मले का झालं?" असं म्हणत त्या पिशवी उचलायला वाकल्या आणि तशाच अडकल्या. कंबर धरली होती. शालिकरामांनी डावा हात उचलून माझ्या दाराकडे दाखवला. "जा," ते म्हणाले.

बाईंनी आंघोळ केली, कानात बोळे घातले आणि भीत भीत पाण्यात पाय टाकला. कितीतरी वेळ माझा काठ सोडेनात. शेवटी आडव्या झाल्या, पण मान ताठ आणि दोन्ही हात कोपरात वाकलेले. मित्रांनो, माझ्यात कितीतरी माणसं पडली, पण असं अंग मी पाहिलं नव्हतं. पाण्यात पडूनही ते अंग कोणाला तरी उचलून धरत होतं.

मग त्या अंधारात बोलू लागल्या. ऐकायला मीच होतो.

"वो माय, थकली मी. उठवा, बसवा, धुवा, भरवा... मी पडली तं यायचं कोन करन?" थोड्या वेळानं आवाज अगदीच बारीक झाला. "तोंडावर भार म्हनलं मी यायले. काऊन म्हनलं असन?"

त्या रडल्या. माझ्या एवढ्या खारट पाण्यात त्यांची आसवं काय कळणार! पण मान सैल झाली, हे मला कळलं. मग हात सुटले, बोटं उघडली. आणि बाई घोरू लागल्या, चांगल्या दणदणीत!

वेळ संपली. उठवण्यासाठी खुशबू दाराकडे निघाली. तेवढ्यात शालिकरामांनी डाव्या पायानं फरशी रेटत, डाव्या हातानं चाक ओढत खुर्ची दारासमोर आडवी लावली. घामाघूम झाले.

"काका, पुढचे कस्टमर आले," खुशबू म्हणाली.

चंद्रकुमार खरोखरच उभे होते. "अरे भाई, मेरा टाइम हो गया. हटाओ ना कुर्सी!"

शालिकरामांनी मान हलवली. चंद्रकुमारांनी आवाज वाढवला, तसा शालिकरामांचा डावा हात चौकटीवर घट्ट बसला. एकेक शब्द खोल विहिरीतून ओढावा तसा वर आला.

"तिले... निजू... दे."

चंद्रकुमार बघतच राहिले. मग त्यांनी चपला काढल्या, बाकावर टेकले आणि म्हणाले, "सोने दो. आज नहीं तो कल सही."

अंजनाबाई जाग्या झाल्या त्या धसकूनच. ओल्या केसांनी दार उघडलं. "बाप्पा, किती वेळ झाला? यायची गोळी राहिली!" समोर आडवी खुर्ची आणि तिच्यात घामानं चिंब शालिकराम. खुशबूनं झालेलं सगळं सांगितलं, तशा त्या मटकन बाजूच्या बाकावर बसल्या. शालिकरामांनी त्यांचं मनगट धरून ठेवलं, उठूच देईनात.

"मघा बोलली मी ते..." त्या म्हणाल्या.

"खरं... हाय," शालिकराम म्हणाले.

अंजनाबाईंनी पदरानं त्यांच्या कपाळावरचा घाम टिपला. "खरं आहे तं आहे. पन भार माहाच आहे ना? दुसऱ्याच्या हाती थोडीच देऊन राहिली मी!"

शालिकराम हसले. अर्धाच चेहरा हसला, पण बाईंना तेवढा पुरला.

यानंतर काही चमत्कार झाला नाही. शालिकराम चालू लागले नाहीत. बाईंची कंबर अजून दुखते. फरक इतकाच की गुंजन आता अधूनमधून सुट्टी काढून वडिलांपाशी थांबते आणि तेवढा वेळ अंजनाबाई माझ्याकडे येतात. काठ धरत नाहीत. आल्या आल्या घोरतात.

मित्रांनो, मी तर सिमेंटचा. माझ्या भेगा खुशबू पुन्हा भरेल, नाहीतर एक दिवस मला पाडतील. माझी काळजी करू नका. पण तुमच्या घरात जे माणूस सगळ्यांना उठवतं, बसवतं, जेवू घालतं, ते कधी दुपारी भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेलं दिसलं, तर त्याला काही मागू नका. दार ओढून घ्या, आणि कोणी हाक मारत आलं, तर तुम्हीच दारात आडवे उभे राहा.